चर्चा पृथ्वी शॉची, पण महाराष्ट्राचा रणजी मोसम जलज सक्सेनाच्या हातात का आहे?

विजयदुर्गच्या जेटीवर उभं राहून कुणालाही विचारा, रणजीत तुमचा संघ कोणता? बहुतेक जण सांगतील, "मुंबईच, आणखी खंयचो?"

त्यात चूकही काही नाही. देवगड तालुक्यात घराघरातलं कुणीतरी मुंबईत आहे. आधी लालबाग-परळ होतं, आता नालासोपारा-विरार. सचिन तेंडुलकरला घडवणारे रमाकांत आचरेकर सर मूळचे मालवणचे. त्यामुळे क्रिकेटच्या बाबतीत सिंधुदुर्गाचं मन कायम दादर स्टेशनला उतरतं.

कागद मात्र वेगळं सांगतो. एका महाराष्ट्र राज्यात रणजीचे तीन संघ आहेत. मुंबई आणि आसपासच्या पट्ट्याचा मुंबई, नागपूर-अमरावतीकडचा विदर्भ आणि उरलेल्या जिल्ह्यांचा महाराष्ट्र. त्या 'उरलेल्या'त पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, मराठवाडा येतो आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गही येतो. म्हणजे विजयदुर्गच्या एखाद्या मुलाला उद्या लेदर बॉलवर मोठं व्हायचं असेल, तर त्याचा रस्ता वानखेडेला जात नाही. तो घाट चढून पुण्याजवळच्या गहुंजेला जातो. सावंतवाडीत जन्मलेला यष्टिरक्षक निखिल नाईक याच रस्त्याने महाराष्ट्राकडून खेळला आणि पुढे आयपीएलमध्ये पंजाब आणि कोलकात्यापर्यंत पोहोचला.

तर हा जो कागदावरचा 'आपला' संघ आहे, त्याने यंदाच्या पावसाळ्यात दोन मोठे खेळाडू बाहेरून आणलेत. मुंबईचा पृथ्वी शॉ आणि केरळकडून नऊ मोसम खेळलेला जलज सक्सेना. १५ ऑक्टोबरला रणजीचा २०२५-२६ चा मोसम सुरू होतोय आणि महाराष्ट्राचा पहिलाच सामना तिरुवनंतपुरमला आहे. तोही केरळशी.

खेळाडू संघ बदलतात म्हणजे नक्की काय होतं?

अमेरिकेत बेसबॉलचा मोसम संपला की खरी बातमीबाजी सुरू होते. कोण कुठे गेला, कितीला गेला, हिवाळाभर लोक तेच चघळतात. डिसेंबर २०२४ मध्ये ह्वान सोटो हा खेळाडू न्यूयॉर्क यांकीजमधून न्यूयॉर्क मेट्समध्ये गेला. शहर तेच, फक्त संघ बदलला. करार १५ वर्षांचा आणि ७६५ दशलक्ष डॉलरचा.

रणजीत असला थाट नाही. इथे सगळा खेळ एका कागदावर चालतो, ना हरकत प्रमाणपत्र उर्फ एनओसी. खेळाडू जुन्या संघटनेला पत्र लिहितो, संघटना एनओसी देते आणि तो दुसऱ्या राज्याकडून 'पाहुणा' म्हणून उतरतो. असे पाहुणे एका संघाला जास्तीत जास्त तीन घेता येतात.

पैसा? ४० पेक्षा जास्त सामने खेळलेल्या खेळाडूला बीसीसीआय दिवसाला ६० हजार रुपये मानधन देते. चार दिवसांचा सामना, साखळीत सात सामने. सगळे खेळला तर १६ लाख ८० हजार. नवी संघटना करार करून वर काही देईल ते वेगळं. आयपीएलच्या गेल्या मोठ्या लिलावात पृथ्वीची मूळ किंमतच ७५ लाख होती. तेवढ्यालाही कुणी घेतलं नाही, हा भाग निराळा.

म्हणजे पृथ्वी काय किंवा जलज काय, फक्त पैशासाठी राज्य बदलतील असं वाटत नाही. दोघांच्या गरजा वेगळ्या आहेत, आणि तिथेच या दोन सौद्यांमधला फरक आहे.

पृथ्वीला महाराष्ट्र हवा होता, कारण...

पृथ्वीची गोष्ट नव्याने सांगायला नको. रणजी पदार्पणात शतक, दुलीप करंडकाच्या पदार्पणात शतक, १९ वर्षांखालच्या विश्वविजेत्या संघाचा कर्णधार आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोटला कसोटी पदार्पणातही शतक. तेव्हा तो १९ चाही नव्हता.

त्यानंतरचं सगळं उताराचं आहे. भारताकडून शेवटचा सामना जुलै २०२१ मध्ये. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातून नाव वगळलं गेलं. तंदुरुस्ती आणि शिस्तीचा मुद्दा होता, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. नोव्हेंबरमध्ये आयपीएल लिलावात बोली नाही. डिसेंबरमध्ये विजय हजारे करंडकाच्या संघातूनही नाव गेलं. मग जून २०२५ मध्ये त्याने मुंबईकडे एनओसी मागितली, ती मिळाली आणि जुलैत तो महाराष्ट्राचा झाला.

येताना त्याच्या खात्यात ५८ प्रथम श्रेणी सामने, ४,५५६ धावा आणि १३ शतकं होती. वय अजून २५. असा सलामीवीर बाजारात रोज येत नाही.

सुरुवातही त्याने झोकात केली. ऑगस्टमध्ये चेन्नईच्या बुची बाबू स्पर्धेत छत्तीसगडविरुद्ध १११. आणि गेल्याच आठवड्यात गहुंजेच्या सराव सामन्यात १८१, तेही मुंबईविरुद्ध. सोबतीला सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी होता, त्याच्या १८६. दोघांची सलामी ३०५ धावांची.

पण सोशल मीडियावर फिरला तो त्यानंतरचा व्हिडिओ. बाद होऊन परतताना पृथ्वीची मुंबईच्या मुशीर खानशी बाचाबाची झाली आणि पंचांना मध्ये पडावं लागलं. १८१ धावांची बातमी मागे पडली, भांडणाची पुढे गेली. पृथ्वीच्या कारकिर्दीत हे पहिल्यांदा घडलेलं नाही.

एक योगायोग मात्र भारी आहे. रणजीच्या इतिहासातली दुसरी सर्वात मोठी खेळी पृथ्वीची, जानेवारी २०२३ मध्ये मुंबईकडून आसामविरुद्ध ३७९. पहिली कुणाची? महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांची, नाबाद ४४३. डिसेंबर १९४८, पुणे, समोर काठियावाड. डॉन ब्रॅडमनचा तेव्हाचा ४५२ धावांचा जागतिक विक्रम नऊ धावांवर होता. मोठ्या विश्रांतीत काठियावाडच्या कर्णधाराने आम्ही पुढे खेळत नाही म्हणून सामनाच सोडून दिला. निंबाळकर तसेच नाबाद राहिले आणि पुढे भारताकडून एकही कसोटी खेळले नाहीत. या यादीतले पहिले दोघं आता एकाच संघाच्या नावावर लागतात, निदान हा मोसम तरी.

बातमी एकाची, काम दुसऱ्याचं

आता दुसरा पाहुणा. जलज सक्सेनाच्या नावाने रील फिरत नाहीत. इंदूरचा मुलगा, मध्य प्रदेशकडून सुरुवात, २०१६ पासून केरळ. ऑफस्पिन टाकतो, फलंदाजी करतो. रणजीत ६ हजार धावा आणि ४०० बळी असा दुहेरी टप्पा गाठणारा तो पहिला खेळाडू, २०२४ मध्ये त्याने तो गाठला. भारताकडून एकही सामना नाही. आयपीएलमध्ये एकच, २०२१ साली पंजाबकडून. येत्या डिसेंबरात तो ३९ वर्षांचा होईल.

मग या वयाच्या माणसावर मोसम कसा काय अवलंबून? उत्तर रणजीच्या गुणांच्या हिशोबात आहे.

सामना जिंकला तर ६ गुण. डावाने किंवा दहा गडी राखून जिंकला तर वर एक बोनस. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला ३ आणि दुसऱ्याला १. आठ संघांचा गट, सात सामने आणि उपांत्यपूर्व फेरीत फक्त पहिले दोन. गेल्या मोसमात महाराष्ट्र ज्या गटात होता त्यातून जम्मू-काश्मीर ३५ गुणांवर आणि मुंबई २९ वर पुढे गेले. बडोदा २७ वर घरी.

सातही सामने अनिर्णित ठेवून प्रत्येक वेळी आघाडी घेतली, तरी बेरीज २१. म्हणजे नुसत्या धावांच्या राशी रचून भागत नाही. तीन-चार सामने सरळ जिंकावे लागतात आणि त्यासाठी समोरच्याचे वीस गडी काढावे लागतात. चार दिवसांत. कधी कधी अशा खेळपट्टीवर, जिथे तिसऱ्या दिवसापर्यंत चेंडू हलतही नाही.

महाराष्ट्राचं दुखणं नेमकं इथे आहे. फलंदाज या संघाला कधीच कमी पडले नाहीत. २०१३-१४ मध्ये केदार जाधवने एका मोसमात १,२२३ धावा केल्या आणि संघ अंतिम फेरीत गेला. तिथे कर्नाटकने हरवलं. आजही ऋतुराज गायकवाड, अर्शिन, सिद्धेश वीर, कर्णधार अंकित बावणे आहेत, त्यात आता पृथ्वी. ऋतुराजने सप्टेंबरमध्येच दुलीप करंडकाच्या उपांत्य सामन्यात १८४ केल्यात. त्याला कधी भारताच्या किंवा 'अ' संघाच्या दौऱ्यावर जावं लागलं, तरी सलामीला पृथ्वी असेल. या अर्थाने तो उपयोगी आहेच.

पण मुख्य खड्डा गोलंदाजीत, त्यातही फिरकीत होता. लोणावळ्याचा डावखुरा विकी ओस्तवाल गुणी आहे, पण दुसऱ्या टोकाकडून दिवसभर दाब ठेवणारा अनुभवी हात लागतो. वेगवान माऱ्यात मुकेश चौधरी, रामकृष्ण घोष आणि मागच्या मोसमात विदर्भाकडून आलेला रजनीश गुरबानी आहेत. गुरबानी म्हणजे तोच, ज्याने २०१७-१८ च्या रणजी अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेतली होती. त्याला धरून पाहुण्यांच्या तिन्ही खुर्च्या भरल्या.

एक चांगला फिरकीपटू रणजीत काय करू शकतो हे बघायला लांब जायला नको. शेजारच्याच विदर्भाने मार्च २०२५ मध्ये तिसऱ्यांदा करंडक उचलला. यश राठोडच्या ९६० धावा आणि करुण नायरच्या ८६३ होत्याच. पण ज्याच्यामुळे सामने संपले तो हर्ष दुबे, डावखुरा फिरकीपटू. एका मोसमात ६९ बळी, हा रणजीतला विक्रम आहे. शिवाय खाली येऊन धावाही.

आणि केरळ? ते तर नुसत्या चिकाटीवर अंतिम फेरीत गेले. उपांत्यपूर्व फेरीत जम्मू-काश्मीरवर आघाडी एका धावेची. उपांत्य फेरीत गुजरातवर दोन धावांची. केरळ ४५७, गुजरात ४५५. शेवटचा फटका शॉर्ट लेगच्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटवर आदळून स्लिपमध्ये झेल गेला, तो सामना. तुम्हीही व्हिडिओ पाहिला असेल. त्या डावात गुजरातच्या दहापैकी आठ विकेट दोघांनी घेतल्या, चार जलजने आणि चार आदित्य सरवटेने. सरवटे हा विदर्भातून केरळला गेलेला पाहुणा. म्हणजे केरळला त्यांच्या इतिहासातल्या पहिल्या रणजी फायनलपर्यंत नेणारे दोन्ही हात बाहेरचे होते.

त्यातला एक हात आता महाराष्ट्राकडे आहे.

मग यंदा काय होऊ शकतं?

गट बघितला तर घाम फुटेल. केरळ, कर्नाटक, सौराष्ट्र, मध्य प्रदेश, पंजाब, चंदीगड आणि गोवा. केरळ गतउपविजेता. कर्नाटक आठ वेळचा विजेता आणि त्यांच्याकडे करुण नायर परत आलाय. सौराष्ट्राने २०१९-२० आणि २०२२-२३ मध्ये करंडक जिंकलाय, पण चेतेश्वर पुजारा ऑगस्टमध्ये निवृत्त झाल्याने तिथे एक भली मोठी जागा रिकामी आहे. मध्य प्रदेश २०२१-२२ चा विजेता. यातून पुढे जाणार फक्त दोघं.

खरा प्रश्न सुरुवातीचा आहे. गेल्या मोसमात महाराष्ट्राने सुरुवातीलाच पाय खोलात नेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईने पहिल्या डावात १२६ वर गुंडाळलं आणि नऊ गडी राखून हरवलं. त्या सामन्यात पृथ्वी समोरच्या संघात होता. नंतर जानेवारीत नाशिकला याच महाराष्ट्राने बडोद्याचा ४३९ धावांनी फडशा पाडला, पण तोवर उशीर झाला होता. यंदा पाच सामने १९ नोव्हेंबरपर्यंत उरकतील. मग दोन महिने पांढऱ्या चेंडूच्या स्पर्धा आणि उरलेले दोन सामने जानेवारीच्या शेवटी. म्हणजे पहिल्या पाच आठवड्यांतच बरंच काही ठरून जाईल.

आता पृथ्वीबद्दलची शंका. तो खेळेल का, हा प्रश्नच नाही. तो मोसमभर सारखा खेळेल का, हा आहे. डिसेंबरमध्ये आयपीएलचा छोटा लिलाव अपेक्षित आहे. तिथपर्यंत त्याला धावा करायच्याच आहेत, त्याची गरज आणि संघाची गरज एकच आहे. लिलावानंतर, बोली लागो वा न लागो, जानेवारीत गोव्यासारख्या संघासमोर बोचऱ्या थंडीच्या सकाळी उभं राहायचं असेल, तेव्हा खरं काय ते कळेल. जलजच्या बाबतीत शंका वेगळी आहे, ती वयाची. दिवसाला तीस-तीस षटकं टाकणारा खांदा आणि गुडघे किती महिने साथ देतात?

अंदाजच करायचा तर महाराष्ट्र गटात तिसरा किंवा चौथा येईल, असं कागदावर दिसतं. बाद फेरी गाठायची तर जलज आणि विकी यांनी मिळून मोसमात साठ-सत्तर बळी घ्यायला हवेत आणि वेगवान त्रिकुट दुखापतीशिवाय टिकायला हवं. पृथ्वीच्या बॅटमधून एखादं द्विशतक येईलही, त्याने हेडलाइन मिळेल. बाद फेरीचं गणित त्याने सुटत नाही.

पाहुणे आले की घरच्यांनी कुठे बसायचं?

ही तक्रार खरी आहे आणि ती कोकणात जास्त टोचते. अकरातल्या तीन जागा बाहेरच्यांना गेल्या तर उरतात आठ. त्या आठांसाठी पुणे, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, संभाजीनगर सगळेच रांगेत. तिथे टर्फ विकेट आहेत, अकादमी आहेत, आठवड्याला सामने आहेत. विजयदुर्ग-गिर्ये पट्ट्यातल्या मुलाचा मोसम भातकापणी झाल्यावर सुरू होतो. तोही कातळावर नाहीतर कापलेल्या मळ्यात, टेनिस बॉलवर. जून ते सप्टेंबर पाऊस, खेळ बंद. पुणे-नाशिकच्या मुलाकडे निदान इनडोअर नेट तरी असतं.

'कोकणाचा संघ' म्हणून रत्नागिरी जेट्सचं नाव घेतलं जातं. महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये त्यांनी २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं बाजी मारली. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण ते सामने झाले गहुंजेत. नाव रत्नागिरीचं, गर्दी पुण्याची.

मग पाहुणे नकोच का? इतिहास बघितला तर ही अदलाबदल नवी नाही. खुद्द निंबाळकर होळकर संघाकडून आणि रेल्वेकडूनही खेळले. सांगलीचे विजय हजारे महाराष्ट्राकडून सुरुवात करून बडोद्याचे झाले. महाराष्ट्राने रणजी जिंकली ती १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोनदा, प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली, आणि त्यातल्या पहिल्या विजयात हजारे संघात होते. त्यानंतर ८४ वर्षं झाली, करंडक नाही. १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ अशा तीन अंतिम फेऱ्या मात्र हरून झाल्या. पहिली मुंबईकडून, दुसरी पंजाबकडून, तिसरी कर्नाटककडून. मुंबईकडे ४२ करंडक आहेत, विदर्भाकडे ३, महाराष्ट्राकडे तेच २.

पाहुणे घेऊन काय साधायचं, यावर सगळं ठरतं. विदर्भाने वसीम जाफर आणला, गणेश सतीश आणला, करुण नायर आणला. पण त्यांच्या शेजारी उभं राहून हर्ष दुबे आणि यश राठोड तयार झाले. महाराष्ट्रात जलजच्या जोडीला टाकताना विकी ओस्तवाल काय शिकतो आणि पृथ्वीसोबत सलामीला जाताना अर्शिन काय उचलतो, हे दोन वर्षांनी दिसेल. तोवर जलज बहुधा निवृत्त झालेला असेल.

बुधवारी सकाळी साडेनऊला तिरुवनंतपुरमच्या ग्रीनफिल्ड स्टेडियमवर पहिला चेंडू पडेल. ज्या ड्रेसिंग रूममध्ये जलज नऊ मोसम बसला, तिच्या समोरच्या खोलीत यंदा त्याची बॅग असेल. ऑक्टोबरात केरळात दुपारनंतर ढग दाटतात, परतीचा पाऊस कधीही येतो, त्यामुळे सामना पूर्ण होईलच असं नाही. तो झाला नाही तर हिशोब पहिल्या डावाच्या आघाडीवर येईल, तीन गुण की एक. केरळ गेल्या वर्षी अशाच हिशोबात एका आणि दोन धावांनी पुढे गेलं होतं, आणि ते जमवून आणणारा माणूस आता समोरून चेंडू टाकणार आहे.